पट्ट्यांवरचा उजेड

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात किंवा ब्रह्मपुरीच्या जंगलात लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमधून, म्हणजे समोरून प्राणी जाताच आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमधून, येणारी चित्रे कधीच एकसारख्या उजेडातली नसतात. बांबूच्या सावलीतला वाघ काळवंडतो, पानगळीनंतरच्या सागवनातला उन्हाने फिका पडतो आणि रात्रीचा फ्लॅशने पांढराफटक होतो. ओळख मात्र पट्ट्यांवरूनच पटवायची असते आणि दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्यामुळे कॅमेरे समोरासमोर जोडीने लावावे लागतात. 2018च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी लावलेल्या कॅमेऱ्यांनी 3 कोटी 48 लाखांहून अधिक छायाचित्रे टिपली, त्यांपैकी वाघांची 76,651 होती.

एवढ्या कामात उजेड सुधारण्याचे पाऊल स्क्रिप्टकडे, म्हणजे संगणकाला क्रमाने द्यायच्या लेखी सूचनांकडे, सोपवणे स्वाभाविक आहे. फोटोशॉप या चित्र-संपादन प्रणालीत ती जावास्क्रिप्टमध्ये, तर गिम्प या तशाच प्रणालीत स्क्रिप्ट-फू किंवा पायथनमध्ये लिहिता येते. फोटोशॉपमधली स्क्रिप्ट चित्रावर अॅडजस्टमेंट लेयर चढवते. हा थर खालच्या मूळ बिंदूंना हात न लावता फक्त त्यांचे दिसणे बदलतो, म्हणून तो केव्हाही काढता येतो.

खरी कसोटी असते ती स्क्रिप्टने कशाच्या आधारे निर्णय घ्यावा याची. संपूर्ण चौकटीच्या सरासरी उजेडावर विसंबले, तर रात्रीच्या चित्रात घात होतो, कारण तेथे बहुतेक चौकट काळ्या जंगलाने भरलेली असते, सरासरी खाली येते, स्क्रिप्ट चित्र अंधारे समजून ते आणखी उजळते आणि आधीच चकाकणाऱ्या कुशीवरचे बारीक पट्टे पुसले जातात. म्हणून चौकटीच्या मधल्या भागातले सर्वांत उजळ बिंदू मोजून, ते 0 ते 255 या मापनात वरच्या टोकाला टेकले असतील तर उजळण्याची सूचनाच वगळणे अधिक शहाणपणाचे ठरते. मूळ चित्रातच 255ला पोचलेला भाग कोणताही थर परत आणू शकत नाही. तेथे जोडीच्या कॅमेऱ्यातील चित्राकडे वळावे, पण ते दुसऱ्या कुशीचे असते, हे विसरू नये.

वाघ वैनगंगा नदी ओलांडून ब्रह्मपुरीकडून गडचिरोलीच्या वडसा भागात जातात आणि दोन्हीकडच्या चित्रांची तुलना करावी लागते. म्हणून हे काम करणाऱ्यांनी मूळ फाइल अबाधित ठेवावी, तुलनेच्या प्रतीत चित्राचा एक भाग दुसरीकडे उतरवणारे क्लोनचे साधन किंवा कडा ठळक करणारी अतिरिक्त धार वापरू नये आणि वापरलेली स्क्रिप्ट तिच्या आकड्यांसह छायाचित्रांच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवावी.