काट्यावर वीज गेली तर

मांजरी बुद्रुक

चि. सोनूस,

तुझा फोन झाल्यापासून लिहायचं मनात होतं. तुझ्या कंपनीत रिक्वायरमेंट म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला स्क्रीनशॉट, बिल्ड शुक्रवारी संध्याकाळी, रिलीज सोमवारी, आणि डेव्हलपर म्हणतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' अगं, बहुतेक ठिकाणी असंच असतं. आधी शिस्त लागू दे, मग टेस्टिंग करू, अशी वाट बघत बसू नकोस.

धांदलीत काय तपासायचं राहून जातं ते बघायला कोविडच्या लसीचंच घे. १२ जानेवारी २०२१ला पहाटे आमच्या शेजारच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्डचे पहिले ट्रक पूजा करून निघाले. लस तयार, नर्सबाई तयार. अडलं ते नोंदणीचं सॉफ्टवेअर, कोविन. २ जानेवारीला त्याची रंगीत तालीम झाली होती, आपल्या पुणे जिल्ह्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात, माणच्या आरोग्य केंद्रात. केंद्रामागे २५ माणसं. १६ तारखेला खरं लसीकरण सुरू झालं, एकट्या महाराष्ट्रात २८५ केंद्रं एकदम उघडली. मेसेज वेळेवर जाईनात, कर्मचारी याद्या घेऊन फोन लावत बसले, पहिला दिवस कागदी नोंदींवर निभावला आणि पुढचे दोन दिवस राज्यात लसीकरण थांबलं. सगळा देश एकाच सकाळी अंगावर येतो तेव्हा काय होतं, हे पंचवीस माणसांत कळायचं नाही.

तुमचं सॉफ्टवेअर साखर कारखान्याच्या ऊसकाट्याचं. सगळं तपासायला वेळ नाही ना? मग कुणाचे पैसे बुडतील तेवढंच आधी बघ. भरलेली गाडी काट्यावर चढली, वजन पडलं आणि वीज गेली. जनरेटर लागेपर्यंत मागची गाडी पुढे. आता ऊस उतरवल्यावरचं रिकामं वजन कुणाच्या पावतीला लागतं? एका खेपेच्या दोन पावत्या निघतात का? बैलगाडीला आरटीओचा नंबर नसतो, ती कशी नोंदवतात? लॉगिनच्या पानाचा रंग राहू दे.

रिलीजच्या मेलमध्ये काय तपासलं नाही, तेही लिही. साहेब नाराज होतील, होऊ देत. बगांची लांबलचक यादी कुणी वाचत नाही. 'वीज गेल्यावरची पावती तपासलेली नाही' एवढी एक ओळ मात्र त्यांना झोपू देणार नाही.

दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की एक रात्रपाळी काटा-क्लार्कच्या शेजारी बस. संगणक अडला की तो वहीत काय लिहितो, ते उतरवून घे. तोवर गेल्या हंगामाच्या काटापावत्या मागव, हाताने खाडाखोड केलेल्या आधी.

तुझी,
मावशी