गोणी, गाठ आणि फाइलींची नावे

अनेक फाइली एका फाइलीत बांधणे आणि त्यांचा आकार घटवणे ही दोन निराळी कामे आहेत, पण विंडोजवर ती एकाच आज्ञेने उरकत असल्याने त्यांतला भेद सहसा जाणवत नाही. युनिक्स परंपरेत मात्र तो उघड दिसतो. 1979च्या सातव्या युनिक्स आवृत्तीतील ‘टार’ फक्त बांधणी करते आणि आकार घटवण्याचे काम 1992 साली आलेल्या ‘जीझिप’सारख्या वेगळ्या साधनाकडे सोपवते. ओतूरच्या उपबाजारात कांदा गोणीत भरल्याने त्याचे वजन कमी होत नाही, तसेच टारचे आहे. फिल कॅट्झ यांनी 1989 साली आणलेल्या झिपमध्ये दोन्ही कामे एकत्र झाली.

ओतूर-जुन्नर पट्ट्यात डीटीपी आणि छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्याच्या दृष्टीने पहिला प्रश्न हा की, आकार घटणार तरी कशाचा? लग्नाचे फोटो जेपीईजी स्वरूपात, म्हणजे आधीच आकसून साठवलेले असतात. ते झिप केल्याने जागा जवळजवळ वाचत नाही, फक्त शेकडो फाइलींची एक फाइल होते. युनिकोड मराठी मजकुराचे तसे नाही. यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यांतला पहिला बाइट सदैव एकच आणि दुसरा केवळ दोन पर्यायांपैकी एक असतो, त्यामुळे पुनरुक्ती हेरून तिच्या जागी छोटा संकेत ठेवणाऱ्या पद्धतीला येथे भरपूर वाव मिळतो. झिपची नेहमीची पद्धत मागच्या 32 किलोबाइटपर्यंतच पुनरुक्ती शोधते, तर इगोर पाव्हलोव्ह यांचे सेव्हन-झिप कितीतरी मोठा पल्ला धुंडाळते. मोठ्या मजकुरावर ते सरस ठरते, मात्र वेळ आणि मेमरी अधिक घेते.

तरीही आकार घटण्याच्या टक्केवारीच्या तुलनेला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. व्यवहारात खरी अडचण नावांची असते. झिपच्या मूळ रचनेत इंग्रजी आणि काही युरोपीय अक्षरांपुरतीच सोय होती. नाव यूटीएफ-8मध्ये असल्याची खूण 2006च्या सुमारास अधिकृत झाली. ही खूण नसलेले गाठोडे दुसऱ्या प्रणालीवर उघडले की देवनागरीच्या जागी रेघोट्या आणि अनोळखी चिन्हे उमटू शकतात. मॅकची त्यात आणखी एक तऱ्हा आहे. तिथल्या जुन्या एचएफएस प्लस या साठवण-रचनेत काही अक्षरे सुटी करून ठेवली जात, त्यामुळे ओतूरच्या कपर्दिकेश्वराच्या श्रावणी यात्रेच्या पत्रकाला ‘दुसऱ्या सोमवारचे पत्रक’ असे नाव दिले, तर ‘ऱ’चे र आणि नुक्ता असे दोन भाग होत, डोळ्यांना नाव तेच दिसे, पण लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटत. मॅकवर केलेल्या झिपसोबत येणारे ‘मॅकओएसएक्स’ नावाचे फोल्डर विंडोजवाल्याला कोड्यात टाकते ते वेगळेच, जरी ते बिनदिक्कत पुसता येते.

म्हणून छापखान्याकडे जायच्या गाठोड्यात फाइलींची नावे रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवून साधी झिप करणे, लिनक्सवर फाइलींचे मालक व परवानग्या जपायच्या असतील तेव्हा टार वापरणे, आणि घरच्या मजकुराच्या संग्रहासाठी सेव्हन-झिप निवडणे ही विभागणी सोयीची पडते. 2023पासून विंडोज 11 स्वतःच आरएआर, सेव्हन-झेड (सेव्हन-झिपचे स्वरूप) आणि टार ही गाठोडी उघडू लागले आहे. पण गावातल्या दुकानांत जुनी विंडोजही चालू असते, आणि आरएआर तयार करण्याचे हक्क मालकीचे असल्यामुळे दीर्घकाळ जपायच्या संग्रहासाठी ते टाळलेले बरे.