सहा महिन्यांचा कोर्स

"सर, रूममधल्यांना कळलं." खुर्चीत टेकायच्या आधीच तो बोलला. परभणीकडचा पोरगा, वय तेवीस, वजन ४७ किलो. महाळुंग्याजवळ सुट्या भागांच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. कसं कळलं म्हणून विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "संडासात बघितलं त्यांनी."

क्षयाच्या गोळ्यांत रिफाम्पिसिन असतं. ते पोटात गेलं की लघवी केशरी होते. घाबरू नकोस, हे आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो. पण दोन खोल्यांत मिळून एक संडास, पाणी बादलीने टाकायचं, आणि फर्स्ट शिफ्टच्या घाईत मागचा माणूस दारावर थापा मारतोय. अशा ठिकाणी तो केशरी रंग म्हणजे दवंडीच. मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. भोसरी-चाकण पट्ट्यात वीसेक वर्षं क्षयाचे रुग्ण बघतोय, आणि ही अडचण मला कुठल्या पाठ्यपुस्तकाने नव्हे, रुग्णांनी शिकवली.

त्याची खोली मी बघून आलो. खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी, कुठेही जा, खोली तीच. एमआयडीसीत जमीन गेल्यावर उरलेल्या गुंठ्यांवर, जिथे पूर्वी चाकणचा कांदा निघायचा, तिथे मालकाने पत्र्याच्या खोल्यांची रांग टाकलेली. दहा बाय दहात सात जण. त्यातले तीन थर्ड शिफ्टवाले, म्हणजे दिवसा झोपणारे. उजेड नको म्हणून त्यांनी एकुलत्या एका खिडकीला पार्टच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावून टाकलेला. क्षयाच्या जंतूला मारायला ऊन आणि वाहती हवा यांच्याइतकं स्वस्त काही नाही. त्या पुठ्ठ्याने दोन्ही अडवलं होतं. तो काढा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. रात्रभर प्रेसवर उभा राहिलेला माणूस दिवसा झोपला नाही, तर पुढच्या रात्री त्याचं बोट मशीनमध्ये जायचं.

माझं घर चिंचवडला, चापेकर चौकापासून चालत पाच मिनिटांवर. १८९७ चा प्लेग आमच्या गावाला असा कायमचा चिकटलेला. प्लेग अधिकारी रँडच्या अमलात गोरे शिपाई पुण्याच्या घरांत शिरले, माजघरं-देवघरं धुंडाळली, संशयितांना छावण्यांत नेलं. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या दामोदर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. शाळेत इथवर शिकवतात. डॉक्टर म्हणून मला त्यातलं दुसरंच काही खुपतं: झडतीच्या धाकाने लोक आपला रोगी लपवू लागले. संडासात पाणी टाकताना मागे वळून बघणारा माझा पोरगा त्याच वाटेवरचा, आणि त्याच्या दारात तर शिपाईही नाही.

प्लेग दिसेल त्याला गाठायचा. त्याच वर्षी १० मार्चला रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्यानेच गेल्या. मुंबईतून मजूर गावी पळाले आणि गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा मालक रोजच्या रोज मजुरी मोजायला तयार झाले. नाक्यानाक्यावर मजुरांची ओढाओढ झाली. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत लस तयार करून स्वतःला टोचून घेतली, साथीच्या रोगांचा कायदा त्याच साली झाला, आणि १८९८ मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दोन वर्षांत एवढं सगळं. क्षय तेव्हाही त्याच चाळींतून खोकत होता, पण त्याच्या भीतीने कुणी शहर सोडलं नाही की कुणाची मजुरी वाढली नाही. हळूहळू मारणाऱ्या रोगाला कामगाराच्या बाजूने घासाघीस करता येत नाही, असं माझं मत झालंय.

मार्च २०२० मध्ये तोच १८९७ चा कायदा कपाटातून निघाला. पिंपरी-चिंचवड शहरातले पहिले करोनाचे रुग्ण वायसीएम रुग्णालयात ठेवले. पुढे नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभं राहिलं. ठरवलं की काय काय होऊ शकतं ते तेव्हा डोळ्यांनी बघितलं. चाकणमधली माणसं पुणे-नाशिक रस्त्याने पिशव्या घेऊन चालत निघालेली, तीही बघितली. देशात २०१९ मध्ये २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये १८ लाखांची. रोग कुठे गेला नव्हता, शोधणारे हात दुसऱ्या कामाला लागले होते. क्षय पकडायला वापरायचं ट्रूनॅट हे गोव्याच्या कंपनीचं यंत्रसुद्धा करोनाच्या चाचणीला जुंपलं गेलं.

या पट्ट्यात गाड्या बनायच्या आधी औषध बनलं, हे आता कुणाला आठवत नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपल्या तोंडची एचए कंपनी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन, म्हणजे क्षयावर लागू पडलेलं पहिलं औषध. तिथल्या शास्त्रज्ञांनी तर एका सूक्ष्मजीवाला 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना' असं गावाचं नाव दिलं आणि त्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध काढलं. आज क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट आहेत. खुराकासाठी २०१८ पासून महिना ५०० रुपये खात्यात येत होते, ते आता १००० झालेत. तरी जगातल्या दर चार क्षयरुग्णांतला एक भारतात असतो.

आमच्याकडे घोडं अडतं ते कॅलेंडरात. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा: दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. ठेकेदाराकडची नोकरी सात महिन्यांची. सातच का? कारण औद्योगिक विवाद कायद्यात बारा महिन्यांत २४० दिवस भरले की सलग सेवा धरायची तरतूद होती. ते भरायच्या आत 'ब्रेक' द्यायचा, ही इथली जुनी वहिवाट. पोरगा कामाला लागतो, दुसऱ्या महिन्यात खोकू लागतो, मेडिकलवाल्याकडून सिरप आणि पाच दिवसांच्या गोळ्या घेतो. वजन उतरून पँट दोरीने बांधायची वेळ आली की माझ्याकडे येतो. तोवर चौथा महिना लागलेला. कोर्स निम्म्यावर येतो न येतो तोच ब्रेक. गेटपास जमा, खोली खाली, पोरगा रांजणगावला किंवा गावाला. 'निक्षय' या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीवर त्याचं नाव एका क्लिकसरशी दुसऱ्या तालुक्यात जातं. तो स्वतः तिथे पोचतोच असं नाही. आशाताई फोन लावतात, तर नंबर बंद. आणि गोळ्या अर्धवट सुटल्या की उरलेले जंतू औषधाला सरावतात. मग पुढचा इलाज लांब आणि जड.

कामगार विमा योजनेत क्षयासारख्या लांबणाऱ्या आजाराला पगाराच्या ८० टक्के रक्कम मिळायची सोय आहे. चांगली सोय आहे, मी तिचे कागद आनंदाने भरतो. मुख्य अट, दोन वर्षं सलग नोकरी. ज्याची नोकरी सातव्या महिन्यात मुद्दाम तोडली जाते, त्याने ती अट कुठून आणायची? कोर्स संपेपर्यंत ब्रेक लांबवा, असं मी एका ठेकेदाराला फोन करून सांगितलं होतं. तो फार सौजन्याने बोलला आणि तिसऱ्या दिवशी त्याने त्या कामगाराला काढलं. तेव्हापासून मी फोन करत नाही.

परभणीच्या पोराने मात्र नेट धरला. ब्रेक झाला तेव्हा गावी न जाता तो आळंदी फाट्याजवळ चुलतभावाकडे राहिला, मिळेल ते हमालीचं काम केलं, गोळ्या बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. असं करू नये, पाकिटातल्या गोळ्या पाकिटातच ठेवाव्यात, पण मी बघून न बघितल्यासारखं केलं. नवरात्रात त्याचा कोर्स संपला. थुंकीत जंतू नाही, वजन ५३ किलो.

"सर, सर्टिफिकेट द्याल?"

"देतो की. बरा झाल्याचं ना?"

"नाही सर." तो थोडा थांबला. "टीबी झालाच नव्हता, असं."

तसं काही मला लिहिता येईना. कामासाठी तंदुरुस्त आहे, एवढंच लिहिलं, सही केली, शिक्का मारला. छातीचे विकार हे माझ्या शिक्क्यातच आहे, ते त्याच्या लक्षात आलं. त्याने कागदाची खालची कड दुमडून बघितली, पुन्हा सरळ केली आणि म्हणाला, "सर, शिक्का लागतोच का?"