जेडच्या पेंडंटमधील कोरीवकामाची पारख

जेडवर छिन्नी चालत नाही. हा दगड घासूनच कोरावा लागतो. पूर्वी चिनी कारागीर पायाने फिरणाऱ्या लोखंडी चकतीवर गारगोटीची, गार्नेटची किंवा कुरुंदाची ओली पूड सोडून तो झिजवत. आता विजेच्या मोटरवर हिऱ्याची पूड बसवलेली बारीक टोके फिरतात आणि वरून पाणी ठिबकत असते. हत्यार बदलले, क्रिया तीच राहिली. त्यामुळे जेडच्या पेंडंटमधले बहुतेक गुणदोष घासण्याचे असतात: कुठे थांबायचे हे कारागिराला कळले की नाही, आणि घासताना उठलेले ओरखडे नंतर कुणी निस्तरले की नाही.

जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजे विकली जातात. त्यांतला फरक 1863 मध्ये आलेक्सी दामूर या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने रासायनिक पृथक्करणाने दाखवून दिला. नेफ्राइटमध्ये सूक्ष्म तंतू एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. म्हणून तो कमालीचा चिवट असतो, पातळ कडा आणि नाजूक जाळी सहन करतो. त्याची चमक तेलकट असते. चिनी परंपरेत शिनजियांगमधल्या खोतानचा पांढरा नेफ्राइट सर्वांत मानाचा. जेडाइट मात्र दाणेदार. तो मुख्यतः म्यानमारच्या काचिन प्रांतातून येतो, किंचित अधिक कठीण असतो आणि चांगला घोटला तर काचेसारखा चमकतो. पारखणाऱ्याला हा भेद आधी ठाऊक हवा. तेलकट, मऊ चमक नेफ्राइटला शोभते. तीच चमक बारीक दाण्याच्या जेडाइटवर दिसली तर झिलई अर्धवट सोडली आहे किंवा वर मेण फासले आहे, असा संशय घ्यावा.

पुढचा प्रश्न काहीसा विचित्र वाटेल: हा तुकडा मुळात कोरला का? चिनी बाजारात निर्दोष माल शक्यतो कोरत नाहीत. त्याच्या बांगड्या होतात, घुमटाकार खडे होतात, किंवा काहीही न कोरलेली गुळगुळीत पाटी होते आणि ती पाटीच महाग विकली जाते. चीर, डाग, फिकट पट्टा असला की पान, वटवाघूळ, पीच, ड्रॅगन यांची गरज पडते. पानाची शीर नेमकी चिरेवरून नेणे ही लबाडी नव्हे, ते कसबच आहे. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातला जेडाइटचा कोबी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तो पेंडंट नव्हे, पण अर्धा पांढरा, अर्धा हिरवा, भेगाळ दगड देठ आणि पाने होऊन कसा सत्कारणी लागतो, ते तिथे दिसते. दोष कुठे ठरतो? चीर दोऱ्याच्या भोकापर्यंत पोचली असेल, मूर्तीच्या मानेतून आडवी गेली असेल, किंवा ती लपवण्यासाठी चारी बाजूंनी ढग नि फुले कोंबली असतील तर. पेंडंट उजेडासमोर आडवे धरले की हे झाकता येत नाही.

कारागिराची खरी कसोटी चेहऱ्यात लागते. ग्वानयिन या चिनी बौद्ध करुणादेवीची मूर्ती हा पेंडंटमधला नेहमीचा विषय, आणि तिचा चेहरा बऱ्याचदा करंगळीच्या नखाएवढाच असतो. दहापट भिंग घ्यावे आणि दिवा बाजूला, तिरपा ठेवावा. समोरचा उजेड सगळे दोष पुसून टाकतो. दोन्ही पापण्यांच्या कमानी एका उंचीवर आहेत का, नाकाचा कणा भुवईपर्यंत अखंड जातो का, ओठांच्या कोपऱ्यात खळगा आहे की नुसती एक रेघ ओढून काम उरकले आहे, ते पाहावे. हनुवटी गळ्यापासून सुटलेली हवी. साधारण कामात बोटे म्हणजे हाताच्या गोळ्यावर मारलेल्या चार समांतर रेघा असतात. चांगल्या कामात प्रत्येक बोटाला फुगवटा असतो. गिऱ्हाईक चेहराच बघणार हे कारागिरालाही माहीत असते. म्हणून चेहरा पाहून झाला की वस्त्राचा खालचा काठ आणि पाठ पाहावी. आळस तिथे सापडतो.

उठावाच्या कामात मात्र आकृतीपेक्षा तिच्या मागची जमीन अधिक बोलते. फिरत्या गोल टोकाने सपाट जमीन काढणे फार अवघड, कारण ते जागोजागी खळगे पाडत जाते. पेंडंट हळूहळू कलते करत खिडकीचे प्रतिबिंब त्या जमिनीवरून सरकू द्यावे. ते सरळ सरकले तर काम उत्तम. थरथरत, तुटत गेले तर जमीन लाटांची आहे. मिंग काळात सोळाव्या शतकात सूचौमध्ये लू झिगांग हा कारागीर होऊन गेला. एका बाजूला देखावा आणि दुसऱ्या बाजूला अक्षरे अशा आयताकृती पाट्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. त्याची सही असलेल्या पाट्या पुढच्या शतकांत इतक्या निघाल्या की सही हा पुरावा उरला नाही. अशा पाटीत अक्षरांच्या रेघांची टोके आणि जमिनीची पातळी हेच काय ते बोलते.

जाळीकामात आधी भोक पाडतात, त्यातून तार ओवतात आणि पूड लावून नक्षी कापतात. वरची नक्षी सगळेच घोटतात. भोकाच्या आतली भिंत घोटायला वेळ लागतो आणि ती कुणी पाहत नाही, म्हणून ती खरखरीत राहते. दोरा ओवायचे भोकही तपासावे: दोन्ही तोंडांच्या कडा गोलसर नसतील तर दोरा महिन्याभरात कातरला जाईल.

यंत्राचे काम आता सर्रास आहे. अल्ट्रासॉनिक पद्धतीत पोलादी साचा अपघर्षक पूड मिसळलेल्या पाण्यातून दगडावर कंप पावत दाबतात आणि आकृती एकदम उमटते. साचा परत वर निघायला हवा, म्हणून सगळ्या भिंती बाहेर कललेल्या असतात. साच्यातल्या मोदकाच्या कळ्यांना जसे खोलगट पोट नसते, तसेच इथे आकृतीच्या खाली शिरलेली कोर कधीच मिळत नाही. रेघांची रुंदी एकसारखी, खोलगट भागाचा तळ रवाळ, आणि शेजारच्या पेटीत हुबेहूब तीच मूर्ती. संगणकाने कोरलेल्या कामात टोकाच्या समांतर पायऱ्या भिंगाखाली दिसतात. यंत्राचे काम वाईटच असे नाही. यंत्राने ढोबळ आकार काढून हाताने पूर्ण केलेली कामे चांगलीही निघतात. हाताच्या कामाची किंमत यंत्राच्या कामाला मोजणे मात्र वाईट.

झिलई हा कोरीवकामाचाच शेवटचा टप्पा आहे, तो वेगळा मोजू नये. कमी घोटले तर ओरखडे राहतात, जास्त घोटले तर कडा विरघळल्यागत होतात आणि पापण्या पुसट होतात. आम्लात धुऊन पोकळ्यांत राळ भरलेल्या जेडाइटवर भिंगाखाली बारीक भेगांचे जाळे दिसते. अशा मालावरच्या कोरीवकामाचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

भारतातली पारख थोडी वेगळ्या वाटेने जाते. मुघल कारखान्यांतले नेफ्राइटचे काम चीनच्या छ्येनलोंग बादशहाने पातळपणासाठी वाखाणले आणि गोळा केले. इथल्या 'हौलदिली' या पेंडंटवर बहुधा कुंदनाने सोने आणि माणके जडवलेली असतात. हृदयाची धडधड शमते या समजुतीने ती गळ्यात घालत. त्यात पाहायचे ते सोन्याचे देठ: देठ निमुळता होत पानाला मिळतो की मध्येच जाड-बारीक होतो? दगडातली खाच जशी, तशीच सोन्याची रेघ. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातली मुघल जेडची दालने आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटांनी दिलेला चिनी जेडचा संग्रह पाहून डोळा तयार करता येतो.

खरेदी करताना पाठ बंद असलेली चौकट टाळावी. गडद दगड मागून पोखरून पातळ केला की रंग खुलतो, आणि बंद चौकटीत ते कळत नाही. प्रयोगशाळेचा दाखला जरूर मागावा. पण तो खनिज कोणते आणि त्यावर प्रक्रिया झाली आहे का एवढेच सांगतो. कोरीवकाम चांगले की वाईट, याचा त्यावर रकानाच नसतो.