नट बसला की बसवला?

मुलांनो, पाण्याच्या बाटलीचं झाकण तुम्ही रोज लावता ना? घाईघाईत कधी ते तिरकं चढतं. अर्धा वेढा फिरतं आणि अडकतं. मग तुम्ही काय करता? माझ्या तिसरीच्या वर्गात दोन तऱ्हेची मुलं आहेत. काही जण झाकण काढून पुन्हा सरळ लावतात. काही जण दातओठ खाऊन तेच आणखी पिळतात. झाकण घट्ट बसल्यासारखं वाटतं खरं. पण दप्तरात बाटली आडवी झाली, की वह्या भिजल्याच म्हणून समजा!

बाटलीचं झाकण आणि नट-बोल्ट ही सख्खी भावंडं. दोघांनाही आटे असतात, आणि आट्यांत आटे नीट गुंतले तरच दोघंही आपलं काम करतात. बाटलीच्या बाबतीत फार तर वह्या भिजतील. पण गाडीच्या चाकाजवळ असं झालं तर? तसं होता होता राहिलं, तेव्हा मी तिथंच होते. ती गोष्ट सांगते.

आमच्या शाळेत वाडीवरची आठ मुलं एका व्हॅनमधून येतात. गेल्या वर्षी त्या व्हॅनचे मागचे शॉकअप गेले. शॉकअप म्हणजे काय, माहीत आहे? गाडी खड्ड्यात गेली की चाकावरचे पाटे दबतात आणि पुन्हा उसळतात. नुसते पाटे असते तर गाडी झोपाळ्यासारखी हलतच राहिली असती. शॉकअपच्या नळीत तेल असतं. आतला दट्ट्या ते तेल बारीक भोकांतून ढकलतो, त्याला वेळ लागतो, आणि गाडीची उसळी जिरते. शॉकअप गेला की चाक रस्त्यावरून उड्या मारायला लागतं. अशा वेळी ब्रेकही हवा तसा लागत नाही.

व्हॅनवाल्या दादांनी बाहेरच्या बाजारातून नवे शॉकअप आणले. बाहेरची वस्तू म्हणजे वाईटच, असं काही नाही हं! पण ती अनेक गाड्यांना चालावी म्हणून केलेली असते. तेव्हा आपल्या गाडीशी तिचं जमतं का, हे ताडून बघावं लागतं. तो रविवार होता. स्कूटरच्या ब्रेकची वायर बदलायला मी त्याच गॅरेजमध्ये गेले होते.

शॉकअपच्या खालच्या टोकाला गोल कान असतो. कानात रबराचा बुश, बुशात लोखंडी नळी आणि नळीतून जाणारा बोल्ट. त्या व्हॅनला पलीकडचा नट पत्र्यालाच कायमचा जोडलेला होता. खोक्यातला नवा बोल्ट त्यात दोन वेढे गेला आणि अडकला.

“पान्याला पाइप लावा चाचा, आणि मारा जोर. उद्या सकाळी मुलं आणायचीत,” दादा म्हणाले.

मिस्त्रीचाचांनी पाना खाली ठेवला. “बसवायला मी बसवीन, दादा. पण तो बसणार नाही.”

मग त्यांनी जुना बोल्ट आणि नवा बोल्ट शेजारी धरले, आटे आट्यांत गुंतवले आणि उजेडाकडे केले. “बघा बाई,” ते मला म्हणाले. सुरुवातीचे दोन-तीन आटे एकमेकांत बसले होते. पुढे मात्र मधून उजेड दिसत होता! दोन्ही बोल्टांची जाडी १० मिलिमीटरच. पण जुन्याचे आटे १.२५ मिलिमीटर अंतरावर आणि नव्याचे १.५ मिलिमीटरवर. फरक पाव मिलिमीटरचा. पण गणित करून बघा: चार आटे मोजले, की तो फरक पूर्ण १ मिलिमीटरचा होतो. म्हणूनच पहिले वेढे फसवतात.

पाइप लावून जोर केला असता तर काय झालं असतं? नीट घट्ट केलेला बोल्ट अगदी किंचित ताणला जातो आणि त्या ताणामुळे मधल्या वस्तू आवळून धरतो. आटे जुळले नाहीत तर सगळा जोर एकमेकांना कापण्यात जातो. हाताला ‘घट्ट’ लागतं, पण आवळलेलं काहीच नसतं. खड्ड्यांचे हादरे बसून असा बोल्ट सैल होतो. आणि मागच्या बाकावर आठ मुलं!

तुम्ही म्हणाल, सगळीकडे एकच माप का नाही ठेवत? हाच प्रश्न इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थला पडला होता. त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. त्यानं १८४१ साली सगळ्यांसाठी एकच माप सुचवलं. पण जग एकदम थोडंच ऐकतं! १९०४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात मोठी आग लागली. शेजारच्या शहरांतून आगीचे बंब धावून आले. पण त्यांतल्या कितीतरी बंबांच्या नळ्या बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. आटे वेगळे! आग सुमारे ३० तास चालली आणि १५०० हून अधिक इमारती गेल्या.

चाचांनी दादांना बोल्ट आणायला पाठवलं. दादांनी आणलेल्या बोल्टाचे आटे जुळले. पण चाचांनी त्याचं डोकं पाहिलं आणि परत केला. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला असतो. त्यातला पहिला ८ सांगतो, की तुटण्याआधी हा बोल्ट दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण सोसतो. म्हणजे शिसपेन्सिलीच्या टोकाएवढ्या जागेला सुमारे ८० किलोचं वजन टांगायचं! दुकानातला साधा बोल्ट याच्या निम्मं सोसतो. दिसायला मात्र दोघे सारखेच. ८.८ चा बोल्ट त्या दिवशी कुठं मिळेना.

सोमवारी व्हॅन आली नाही. आठही मुलं तीन किलोमीटर चालत आली. परिपाठ संपला होता. पाय दुखतात म्हणून दोघं रडवेली झाली, एका आईनं मला फोन करून विचारलं, “बाई, एका बोल्टापायी?” मी म्हटलं, “हो ताई, एका बोल्टापायीच.”

दुपारी बोल्ट मिळाला. तरी एक भानगड उरलीच. नवी नळी गाडीवरच्या दोन पाकळ्यांमधल्या जागेपेक्षा ३ मिलिमीटर आखूड होती. बोल्ट पिळून पाकळ्या जवळ आणता आल्या असत्या, पण पत्रा वाकून पुढे तडकला असता. चाचांनी दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटरचे कडक वायसर घातले. नटाचे आटे टॅपनं साफ केले. बोल्ट आधी हातानंच फिरवला. तो सुरळीत गेला तेव्हाच पाना घेतला. आणि शेवटचं आवळणं? ते गाडी जॅकवरून उतरवून, चाकं जमिनीला टेकल्यावर. चाक लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी खाली येताच बुशातलं रबर पिळलं जातं, कायम तसंच राहतं आणि लवकर फाटतं.

आता तुमच्यासाठी एक काम. घरातला एखादा सुटा बोल्ट घ्या. पट्टी लावून आट्याच्या एका टोकापासून पुढची दहा अंतरं मोजा आणि दहानं भागा. निघालं माप? मग दुसरा बोल्ट त्याला जोडून उजेडाकडे धरा. गाडीखाली मात्र तुम्ही जायचं नाही, ते काम मिस्त्रींचं.

पण एक काम तुमचंच आहे बरं का! शाळेच्या गाडीत मागच्या बाकावर तुम्ही बसता. खड्ड्यात चाकाकडून ‘खट्’ असा नवा आवाज आला, तर तो पुढं बसलेल्या दादांच्या आधी तुम्हाला ऐकू येतो. ‘आपण कशाला बोला’ म्हणून गप्प बसू नका. त्याच दिवशी सांगा. कुणी म्हणालं, “काही नाही रे, घट्ट केलंय मी,” तर हळूच विचारा, “काका, बसलाय की बसवलाय?”