पोपटीच्या निखाऱ्यावर चीज-टोमॅटो पाव

थंडी पडली की उरण, पनवेल, पेण, अलिबाग या पट्ट्यात संध्याकाळी ओल्या पाल्याचा उग्र वास येऊ लागतो. नव्या माणसाला तो कळत नाही. आपल्याला लगेच कळते, की कुठेतरी पोपटी लागली. शहरातले लोक बार्बेक्यू म्हणून लोखंडी शेगडी आणि कोळसा विकत आणतात. आपल्या वाड्यांतून तेच काम एका मडक्यावर होत आले आहे.

मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये बटाटे, अंडी, ऐपत असेल तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडके उलटे ठेवायचे आणि भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचून पेटवायचे. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडावे. चर्र झाले की पोपटी तयार.

पण आता ही पोपटी स्वस्त राहिलेली नाही. भात कापल्यावर जमिनीत राहणाऱ्या ओलीवर वाल येतो. आमच्या उरण तालुक्यात सिडकोसाठी जमिनी गेल्या, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि अनेक शेतांच्या जागी कंटेनरची यार्डे उभी राहिली. शेंगा बाजारातून आणायच्या, वर कोंबडी आणायची, म्हणजे घरटी वर्गणी आलीच.

मागच्या हिवाळ्यात वस्तीतल्या पोरांनी अशीच वर्गणी काढून पोपटी लावली. सगळे जमले. एका घराचे दार तेवढे बंद होते. घरधनी कंत्राटी कामावर, दोन महिने पगार नाही. त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा भिंतीला टेकून लांबूनच जाळाकडे बघत होता. आम्ही दारात जाऊन म्हटले, "वहिनी, चला ना." आतून उत्तर आले, "नको भाऊ, पोराचं पोट बिघडलंय." पोराचे पोट ठणठणीत होते. मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "धूर सगळ्यांच्या घरात जातो, घास मात्र वर्गणीवाल्याला!"

वाचकहो, लांब उभे राहून दुसऱ्याचे खाणे बघणे म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांना कोणी शिकवायला नको होते. तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ओंजळभर पाणी प्याले, ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. मग आपल्याच वस्तीत, आपल्याच जाळाभोवती, वर्गणीपायी एखादे लेकरू लांब का उभे राहावे?

म्हणून पुढच्या खेपेला आम्ही मंडळात सांगितले, की पैसे गोळा करायचे नाहीत. ज्याच्या घरी जे असेल ते आणावे. कोणी चार पाव, कोणी दोन टोमॅटो, कोणी कोथिंबीर. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने काटक्या आणाव्यात, जाळ सांभाळावा. कोंबडी ऐच्छिक. सर्वांसाठी पोपटीच्या उरलेल्या निखाऱ्यावर भाजलेला चीज-टोमॅटोचा पाव करायचा. पौर्णिमेला मांसाहार न करणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही तो चालतो.

आम्ही पडलो बी. कॉम. कारकून, तेव्हा हिशेब मांडला. माणसे ४०, प्रत्येकी दोन म्हणजे ८० पाव. टोमॅटो २०, साधारण दोन किलो. एकाच्या आठ चकत्या, म्हणजे पावाला दोन. चीजच्या दहा चकत्यांची चार पाकिटे. पावाला अर्धी चकती पुरे. लोणी पाव किलो, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, मिरच्या, लसूण. विकत आणायचे ते मुख्यतः चीज आणि लोणी. तेवढे मंडळाच्या शिलकेतून आणले. वहीत वस्तू लिहिल्या, आणणाऱ्यांची नावे लिहिली नाहीत.

आता कृती. टोमॅटोच्या चकत्या करून बिया काढाव्यात, किंचित मीठ लावून दहा मिनिटे ठेवाव्यात आणि सुटलेले पाणी काढून टाकावे. नाहीतर पावाचा लगदा होतो. पाव एका बाजूने जोडलेला ठेवून चिरावा आणि आतून लोण्याचा पातळ हात द्यावा. त्याने ओल पावात शिरत नाही. मग चटणी, टोमॅटो आणि वर चीज. चीजऐवजी पनीर घातले तर चवीला चालेल, पण ते वितळत नाही, त्यामुळे पाव चिकटून बसत नाही.

पाव आधी केळीच्या पानात गुंडाळावा, हवे तर वरून अॅल्युमिनियमचा कागद लावावा. टोमॅटोची आंबटाई आणि मीठ थेट त्या धातूला लागू देऊ नये. छापील वर्तमानपत्र तर कधीच वापरू नये. शाई अन्नात उतरते. मडके बाजूला काढल्यावर निखाऱ्यांवर पांढरी राख धरू द्यावी, वर जाळी ठेवावी आणि एकेक बाजू चार-पाच मिनिटे भाजावी. पेटत्या जाळावर घाई केली तर बाहेरून कोळसा आणि आत चीज थंड, असे होते. शेजारी पाण्याची बादली ठेवावी, मुलांना टेरीकॉटचे कपडे घालून जाळाजवळ जाऊ देऊ नये.

चटणी वाटण्यापासून पाव बांधण्यापर्यंतचे काम त्या रात्री तरुणांनी आणि पुरुषांनी केले. भगिनी शेकत बसल्या, गप्पा मारल्या. रोज चुलीपुढे बसणाऱ्या बाईला एक रात्र आयता गरम पाव मिळाला. काटक्या मात्र सगळ्यांत जास्त कोणी आणल्या असतील? त्याच भिंतीजवळच्या पोराने. पाव वाटायला उभाही तोच राहिला, आणि त्याची आई पहिल्या ओळीत बसली होती.

येत्या थंडीत तुमच्या वस्तीतही हे करून पाहा. चीज नसेल तर नुसता टोमॅटो आणि चटणी घाला. वर्गणीची पावती फाडण्याआधी मात्र कोणत्या घराचे दार बंद आहे, तेवढे बघून या.