मराठीतून कळलेली तोरा

बाबा रेल्वेत गार्ड होते आणि साठच्या दशकात त्यांची नेमणूक गोंदियाला होती. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं. जंक्शनवरून बालाघाट-नैनपूरकडे छोटी गाडी सुटायची आणि भाताच्या गिरण्यांचा कोंडा वाऱ्याबरोबर थेट क्वार्टरच्या ओसरीपर्यंत यायचा. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आमचं सिनेगॉग ठाण्याचं, १८७९ सालचं ‘शाआर हाशामायिम’. तिथे जायचं तर कलकत्ता-मुंबई मेल धरून साडेनऊशे किलोमीटर गाठायचे.

सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. त्याला मिनयान म्हणतात. दहा जण नसतील तर सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडता येत नाही आणि मेलेल्या माणसासाठी कादिश म्हणता येत नाही. गोंदियात दहा सोडा, दुसरा ज्यू पुरुषही नव्हता. आजोबा गेले तेव्हा कादिश म्हणायला बाबा रजा टाकून ठाण्याला गेले होते.

पण शिकणं थांबलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी ड्यूटी नसली की बाबा आंघोळ करून टोपी घालून बसत. आईने रात्रीच भिजत घातलेल्या काळ्या मनुका कुस्करून, फडक्यातून गाळून त्यांचा शरबत केलेला असे. वाइन मिळत नाही म्हणून आमच्या घराघरांत किद्दूशसाठी, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचं, सब्बाथचं, स्वागत करताना म्हणायच्या आशीर्वादासाठी, हाच शरबत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मग बाबा जुनं प्रार्थनेचं पुस्तक उघडत. त्यात हिब्रू आणि समोर मराठी. हिब्रूवरून त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे सरके, तीच ओळ मराठीत वाचताना उलटं फिरे. त्यांना हिब्रू अक्षरं अडखळत यायची. अवघड शब्द त्यांनी रेल्वेच्या जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर निळ्या पेन्सिलीने देवनागरीत लिहून ठेवले होते, शेजारी अर्थ. चाळिशीतला माणूस रात्रीच्या मालगाडीवरून परत येऊन ते शब्द पाठ करत बसलेला मी पाहिला आहे.

सब्बाथ संपल्यावर नवस फेडायचा असेल तर मलिदा व्हायचा. पोहे गोंदियाचेच, त्यात गूळ, ओलं खोबरं आणि फळं. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण काढून ताट समोर ठेवलं की शेजारची छत्तीसगढी मुलं प्रसादाला येत. बाबा त्यांनाही एलियाहूची गोष्ट सांगत, मराठी-हिंदी मिसळून. आमचा प्रौढ वर्ग म्हणाल तर हाच, विद्यार्थी एक आणि शिक्षकही तोच.

बाबांच्या हातातलं ते पुस्तक आकाशातून पडलेलं नव्हतं. नवगावच्या किनाऱ्यावर आमचे पूर्वज गलबत फुटून उतरले, असं आम्ही सांगतो. कोकणात तेलाचे घाणे चालवताना शनिवारी ते काम करत नसत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शमा ही मुख्य प्रार्थना तोंडी राहिली, बाकी बहुतेक सगळं विसरलं. १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं, आमची ‘जुनी मशीद’. आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत. पण आत उभं राहून काय म्हणायचं, हे मोठ्या माणसांना नव्याने शिकायचं होतं. कोचीनहून शिक्षक आले. शलोमो सालेम शुराबी यांचं नाव आजही आदराने घेतात. डॉ. जॉन विल्सन मिशनरी होते, त्यांचा हेतू वेगळा होता, पण १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. ते व्याकरण आमच्या लोकांनी घेतलं आणि धर्म मात्र आपलाच ठेवला. मला याचा फार अभिमान वाटतो.

मग आपलीच माणसं पुढे आली. जोसेफ इझिकेल राजपूरकर डेव्हिड ससून यांच्या शाळेत शिकवायचे. त्यांनी एकामागून एक प्रार्थना मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्याला तळकर मंडळींनी हग्गादा छापली. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचा हा ग्रंथ. त्यातल्या चित्रात लुगडी नेसलेल्या बाया जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताहेत. मिसरमधून सुटलेल्या लोकांची गोष्ट, आणि करणाऱ्या बाया आमच्या आज्या-पणज्यांसारख्या! हे चित्र मी कितीदा पाहिलं तरी मन भरत नाही.

त्याहून मोठी शाळा कीर्तनाची. १८८० च्या सुमारास मुंबईत आमच्या लोकांनी कीर्तनोत्तेजक मंडळी काढली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं साकी, दिंडी, ओवीत बसवली. चिपळ्या, पेटी, तबला सगळं नेहमीचं, फक्त कथा तोरातली. माझी आजी कधी शाळेत गेली नव्हती. पण योसेफाला भावांनी विहिरीत टाकलं तो प्रसंग ती पदांसकट म्हणायची आणि म्हणताना तिचा गळा दाटून यायचा. वाचता न येणाऱ्या माणसाला धर्मग्रंथ कळावा, याची इतकी सुंदर सोय दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही.

इस्रायल झाल्यावर घरं रिकामी होऊ लागली. एके काळी वीस हजारांच्या घरात असलेला समाज आज भारतात चार-पाच हजारांच्या आसपास उरला आहे. तिकडे गेलेल्यांपुढे लग्नाच्या वेळी प्रश्न उभा राहिला, तुम्ही खरे ज्यू कशावरून? आंदोलनं झाली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने आम्ही सर्वार्थाने ज्यू आहोत असं सांगितलं. त्या वर्षी बाबांच्या रजिस्टरची पानं भराभर भरली. आपल्याला विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे, एवढंच ते म्हणत.

आता मी ठाण्यात राहते. सिनेगॉगच्या हॉलमध्ये मोठ्या माणसांचे वर्ग असतात. प्रोजेक्टर असतो, छापील कागद असतात, कधी पडद्यावर थेट यरुशलेमहून कुणी शिकवतं. आयटीतली मुलं काही आठवड्यांत अक्षरं शिकतात आणि बाबांना जन्मात जमलं नाही इतकं स्वच्छ वाचतात. दूरच्या गावात एकटं कुटुंब असेल तर त्यालाही मोबाइलवर या वर्गात बसता येतं. गोंदियाच्या त्या क्वार्टरमध्ये असं काही मिळालं असतं तर बाबांनी रात्रीची झोप सोडली असती.

आणखी एक गोष्ट आजची सरस, यात शंका नाही. पूर्वी बायका वरच्या सज्जात, शिकणं पुरुषांचं. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन ही सुधारणावादी संस्था सुरू केली, ती वाट आधीची. पण आमच्यासारख्या घरांपर्यंत तिला यायला फार वेळ लागला. आज वर्गात बायका पुढच्या रांगेत बसतात, ‘असं का?’ विचारतात आणि शिक्षकाला थांबून उत्तर द्यावं लागतं. माझ्या आईला हा प्रश्न कधी विचारता आला नाही.

मात्र वर्ग इंग्रजीत चालतो आणि कागद रोमन लिपीत असतात. प्रार्थनेच्या चाली बाहेरच्या आल्या आहेत, कोकणच्या जुन्या चाली दोन-चार म्हाताऱ्यांच्या गळ्यात उरल्या आहेत. परवा एका वृद्ध मावशींनी वर्गात मराठीतून शंका विचारली, तर शेजारच्या मुलीला ती इंग्रजीत करून सांगावी लागली. ठाण्यात, मराठी ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये! मुलांचा उच्चार शुद्ध झाला, पण शमा म्हणताना डोळे मिटून बाबांना जे कळत होतं, ते या मुलांना अजून परक्या भाषेतून पोहोचवावं लागतं. तिकडे इस्रायलमध्ये गेलेल्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढलं. आपण इथे राहून मराठी वर्गाबाहेर ठेवावी, हे मला पटत नाही. हिब्रू अवश्य शिका, इंग्रजीतूनही शिका, पण अर्थ मराठीत सांगणारा एक तास तरी ठेवा. शिकवायला माणसं अजून आहेत, आणखी दहा वर्षांनी नसतील.

आणि वाचकहो, तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, पेण, पनवेल, अलिबाग, रेवदंड्याकडच्या जुन्या घरात किंवा रद्दीच्या दुकानात उजवीकडून उघडणारं, हिब्रूशेजारी मराठी छापलेलं एखादं पुस्तक दिसलं तर ते टाकू नका. जवळच्या सिनेगॉगला किंवा एखाद्या ग्रंथसंग्रहालयाला नेऊन द्या.